खिंडीकडच्या खिडक्या

१

प्रेत सापडलं तेव्हा ते नीट बसलेलं होतं. पाठ खडकाला टेकलेली, अंगात एकावर एक दोन जाकिटं, दोन्हींची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, आणि मोडलेला पाय दोन फळ्यांमध्ये बांधून समोर सरळ पसरलेला. कुणी न्यायला येणार आहे म्हणून वाट बघत बसावं तसा तो माणूस बसला होता, आणि बसल्या बसल्या थंडीने मेला होता. खाली अर्ध्या तासाच्या उतरणीवर गाव होतं. बारा घरं, एक खानावळ, एक पोलीस चौकी. बाराही घरांनी कानांवर हात ठेवले. आम्ही काही ऐकलं नाही, म्हणे.

चौकीतल्या हवालदाराने दोन पानांत पंचनामा उरकला. मेलेल्याबरोबर त्याचा मेहुणा होता. तो दाजींना तिथेच टाकून खिंडीच्या दुसऱ्या बाजूला निघून गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या रस्त्यावरची माणसं घेऊन परत आला आणि गळा काढून रडला. हवालदाराने त्याला कोठडीत घातलं. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याची रवानगी खालच्या शहरातल्या कोर्टात होणार होती.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्याची बायको खालच्या शहरात बाईंच्या दारात उभी राहिली.

बाईंना त्या डोंगरात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बावीस वर्षं त्यांनी बचाव पथक चालवलं होतं. कड्यात अडकलेले, दरीत पडलेले, वाट चुकलेले असे किती जण त्यांनी खाली आणले, त्यांनाच आठवत नसे. आता गुडघे गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं. बाईंना किळस फार लवकर यायची. झऱ्याच्या पाण्यात वेष्टनं टाकणाऱ्यांची, जखमी माणसाशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढणाऱ्यांची, 'वरून ऑर्डर नाही' म्हणणाऱ्या साहेबांची. किळस आली की त्या बोलत, आणि त्या बोलायला लागल्या की समोरच्याला कुठेतरी तातडीचं काम आठवे.

"मला माझा भाऊ सोडवून नकोय," मेलेल्याची बायको खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "मला खरं काय ते हवंय. त्याने माझ्या नवऱ्याला तिथे टाकलं असेल, तर तो आत सडेना का, मी ढुंकून बघणार नाही. पण टाकलं नसेल तर..."

"तो काय म्हणतो?"

"जबाबात म्हणतो, दुपारी तीन वाजता धुक्यात ह्यांचा पाय घसरला, हाड मोडलं. त्याने आपलं जाकीट ह्यांना घातलं, खायला होतं ते दिलं, आणि म्हणाला, मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवत राहा, मी गावातून माणसं आणतो. उतरताना चार वाजेपर्यंत त्याला मागून शिट्टी ऐकू येत होती. मग फाट्यावर तो चुकला आणि रात्रभर चालत पलीकडच्या रस्त्याला लागला."

"आणि गाव म्हणतं शिट्टी वाजलीच नाही."

"ह्यांच्या अंगावर शिट्टी सापडलीच नाही, बाई. आणि आदल्या दिवशी खानावळीत दोघांचं मोठ्याने वाजलं होतं. माझा भाऊ नोकरी सोडून आमच्याकडे येऊन राहिलाय, त्यावरून. डॉक्टर म्हणाले, हे पहाटेपर्यंत जिवंत होते." ती थांबली. "मिनिटाला सहा शिट्ट्या हे त्याच्या डोक्यातलं नाही. तुमच्याच पत्रकात लिहिलंय ते. खानावळीच्या भिंतीवर लावलंय."

बाईंनी काठी उचलली.

२

वर जाणारी बस दहाला पोहोचली. बाईंना हा डोंगर तोंडपाठ होता. खिंडीतून दोन प्रकारची माणसं जात. एक हौसेने चालायला येणारी, आणि दुसरी मेणकापडात गुंडाळलेली ओझी पाठीवर घेऊन सरहद्दीपलीकडून उतरणारी. गावात त्यांना 'ओझेवाले' म्हणत. ओझ्यात काय असतं ते कुणी विचारत नसे. बाईंनी पत्रक लिहिलं तेव्हा त्यातले अर्धे नियम त्यांच्यासाठीच होते. ओझेवाले दिसले तर वाट सोडून बाजूला उभे राहा. नजर खाली ठेवा. फोटो काढू नका. कुणाचीही पिशवी क्षणभरसुद्धा हातात धरू नका. फाट्यावर जास्त रुंद वाट दिसली तर ती तुमची नव्हे, अरुंद वाट धरा.

"तुझा भाऊ रुंद वाटेने गेला," बाई बसमधून उतरताना म्हणाल्या. "चोरांची वाट आपल्या वाटेपेक्षा जास्त मळलेली असते. धुक्यात चांगले चांगले चुकतात. पण एवढ्यावरून तो खरा ठरत नाही."

चौकीत हवालदाराने बाईंना ओळखलं आणि लगबगीने खुर्ची पुढे केली. पंधरा वर्षांपूर्वी बाईंनीच त्याला प्रथमोपचार शिकवले होते. गावातल्या तिघांना शिकवले होते तेव्हा: हा हवालदार, खानावळवाली काकू आणि एक वाटाड्या. जखमी माणूस पहिल्यांदा या तिघांच्या हाती लागणार, म्हणून.

"उघड केस आहे हो बाई," हवालदार म्हणाला. "मेहुणा धडधडीत खोटं बोलतोय. शिट्टी म्हणे. अहो, मी स्वतः बघितलं." त्याने आपल्या गळ्यावरून हात फिरवला. "गळ्यात दोरी नाही, काही नाही. खिसेही पालथे घातले. शिट्टी गेली कुठे, हवेत?"

"तू त्या दिवशी होतास कुठे?"

"इथेच की. संध्याकाळी जरा खानावळीत. काही ऐकलं नाही बुवा."

मेलेल्याचं सामान कोपऱ्यात पडलं होतं. बाईंनी पाठीवरची बॅग उचलून टेबलावर ठेवली. छातीवरून आडवा येणारा पट्टा एका बाजूने तुटलेला होता. तुटलेला कसला, कापलेला. कडा सुरीने कापल्यासारखी सरळ होती आणि टोकाचं बकल गायब होतं.

"पडताना तुटलं असेल," हवालदार म्हणाला.

बॅगेच्या बाजूला पायाला बांधलेल्या त्या दोन फळ्या होत्या. फळांच्या खोक्याच्या, हातभर लांब, एका टोकाला खिळ्याची भोकं. त्यांवर कापडाची नीट घडी घालून केलेली गादी होती. बांधायच्या पट्ट्या अजून गाठीसकट होत्या, डॉक्टरने त्या मधून कापून काढल्या होत्या. बाईंनी गाठ जवळून पाहिली. सपाट गाठ, हाडावर न येता बाजूला बसवलेली. अशीच बांधायला शिकवत त्या. इतकं नेटकं काम त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या कोठडीच्या गजांशी गेल्या. मेलेल्याची बायको दाराबाहेरच उभी राहिली. आत डोकावलीसुद्धा नाही.

भाऊ तिशीचा होता. गाल थंडीने फुटलेले, बोटांना फोड आलेले. बाकावर अंग चोरून बसला होता.

"पाय कसा बांधलास?" बाईंनी विचारलं.

"मफलर गुंडाळला हो. मला कुठे काय येतंय. दाजीच म्हणाले, तू घट्ट ओढ फक्त."

"आणि फळ्या?"

"कसल्या फळ्या?"

"बघा!" हवालदार मागून म्हणाला. "हे आणखी एक खोटं. फळ्या काय आभाळातून पडल्या?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "खिंडीत झाड आहे का रे एखादं?"

"नाही. गवतच आहे नुसतं."

"डोंगर चढायला निघालेली माणसं वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशाची दांडी कापतात. ती पाठीवर फळांच्या खोक्याच्या फळ्या घेऊन चढतील? या फळ्या खालून गेल्यात. या गावातून. आणि मेलेल्या माणसाचा पाय कुणी बांधत नाही, हवालदार. तो जिवंत असताना तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्यापर्यंत गेलं होतं."

हवालदाराचा हात टेबलावरच राहिला. दाराबाहेरून मेलेल्याच्या बायकोने आत पाहिलं, पण भावाकडे नाही. फळ्यांकडे.

३

खानावळीत नऊ टेबलं होती. भिंतीवर बाईंचं पत्रक फ्रेम करून लावलेलं होतं, काच पुसलेली. त्याच्या शेजारी खिंडीकडची खिडकी, कडी घातलेली. बाईंनी बोट लावलं. कडीला ताजं तेल होतं. दरीकडच्या तिन्ही खिडक्या मात्र सताड उघड्या होत्या आणि त्यांच्या कड्या गंजलेल्या.

काकूने न विचारताच चहा आणून ठेवला. "बाई, किती वर्षांनी! वाळलात हो."

"परवा ही खिडकी उघडी होती?"

"नाही बाई, वारा किती होता! दुपारीच लावून घेतली."

"वारा होता?"

"सोसाट्याचा."

"आणि धुकं?"

"धुकं तर विचारू नका. हात दिसत नव्हता."

"वारा असला की धुकं टिकतं का गं कधी? जन्म गेला तुझा डोंगरात." बाईंनी कप बाजूला सारला. "सोसाट्याचा वारा सुटला असता तर तो पोरगा फाट्यावर चुकला नसता, आणि आज एक माणूस जिवंत असता. खिडकी का लावलीस?"

काकू पदराशी चाळा करू लागली.

"शिट्टी ऐकलीस," बाई म्हणाल्या.

"गळ्यात तर काही नव्हतं म्हणतात त्याच्या..."

"मी गळ्याचं विचारलं नाही. कानाचं विचारलं."

काकू एकदम फणकारली. बायकांना खरं सांगायचं असलं की कधी कधी आधी राग येतो. "मग काय करायचं आम्ही? तुम्ही खाली जाऊन राहिलात, तुम्हाला काय कळणार इथलं! वर शिट्टी वाजली की ओझेवाले निघाले असं समजायचं. तिकडची खिडकी लावायची, पडदा ओढायचा, रेडिओ लावायचा. मग कुणी विचारायला आलं की आम्ही सांगतो, काही बघितलं नाही. आणि खोटं बोलावं लागत नाही, बाई! कारण खरंच बघितलेलं नसतं. माझ्या सासूच्या वेळेपासूनची रीत आहे ही. या गावात कुणी खोटं बोलत नाही."

बाईंची नजर भिंतीवर गेली. अपघात झाल्यास जागा सोडू नका. मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवत राहा, मदत नक्की येईल. खाली त्यांचीच सही. ज्या गावात शिट्टी ऐकली की खिडक्या लागतात, त्याच गावाच्या भिंतीवर त्यांनी हे टांगलं होतं, आणि पंधरा वर्षं ही काकू त्याची काच पुसत होती.

"मी हे पत्रक लावलं तेव्हा तू मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

स्वतःची किळस त्यांना आजवर कधी आली नव्हती. ती इतरांच्या किळसेपेक्षा बरीच वाईट लागते, हे त्यांना आत्ता कळलं.

"ओझेवाल्यांची शिट्टी कशी असते?"

"एकच. लांब."

"आणि परवाची?"

काकूने तोंड फिरवलं. "छोट्या छोट्या. थांबून थांबून. दुपारपासून सारखं चाललं होतं. डोकं उठलं अगदी. साडेसहाला थांबली एकदाची."

"एकदाची," बाई म्हणाल्या. मागे मेलेल्याची बायको उभी होती. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"माझा भाऊ खरं बोलत होता," ती हळूच म्हणाली.

"शिट्टीबद्दल खरा ठरला," बाई म्हणाल्या. "पण तुझा नवरा पहाटेपर्यंत जिवंत होता. शिट्टी हाताशी असलेला, शुद्धीत असलेला माणूस साडेसहाला मध्येच थांबेल का? त्याची शिट्टी कुणीतरी घेतली. ज्याने पाय बांधला, त्यानेच."

४

वाटाड्या आपल्या घरापुढे दोर गुंडाळत होता. चाळिशीचा, देखणा, हसरा. बाईंचा सर्वात हुशार विद्यार्थी. तिघांमध्ये गाठ पहिल्यांदा त्याला जमली होती, आणि बचाव पथकाचा बिल्ला अजून त्याच्या टोपीवर होता.

"बाई!" त्याने वाकून नमस्कार केला. मग मेलेल्याच्या बायकोकडे बघून चेहरा पाडला. "फार वाईट झालं ताई. मला जरा जरी कळलं असतं तरी मी एकटा गेलो असतो वर."

"परवा कुठे होतास?"

"घरीच. ताप होता. दुसऱ्या दिवशी पलीकडची माणसं प्रेताजवळ पोहोचल्यावर हवालदारसाहेबांबरोबर गेलो. सामान साहेबांनीच बांधलं, मी हातही लावला नाही."

"खरं आहे, हवालदारही तसंच म्हणाला," बाई म्हणाल्या. "बरं, मला एक कोडं पडलंय. हिचा भाऊ म्हणतो शिट्टी होती. मग ती गेली कुठे?"

"अहो बाई, शिट्टी असती तर दिसली नसती का," वाटाड्या म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा हात वर गेला. "इथेच असती." बोटांनी त्याने छातीच्या मधोमध टिचकी मारली.

बाईंनी मान डोलावली. तापाला काय औषध घेतलं ते विचारलं, गुडघ्यांची कथा सांगितली, आणि निरोप घेतला. वळणाआड आल्यावर त्यांनी मेलेल्याच्या बायकोचा दंड पकडला.

"छातीवर काय असतं गं?"

"म्हणजे?"

"हवालदाराने शिट्टी म्हटल्यावर गळा दाखवला. काकूही गळ्याचं बोलली. मी सुद्धा शिट्टी म्हटलं की गळ्यातली दोरीच समजते, आमच्या वेळी तशीच असायची. याने छाती का दाखवली?"

"नव्या बॅगांना छातीच्या पट्ट्याच्या बकलातच शिट्टी असते, बाई. बघितलं तर साधं बकल वाटतं. माझ्या भावाच्या बॅगेलाही तशीच आहे."

चौकीत जाऊन त्यांनी भावाची बॅग काढली. छातीच्या पट्ट्यावर पिवळं प्लास्टिकचं बकल होतं, करंगळीच्या पेराएवढं, कडेला बारीक फट. बाईंनी तोंडाला लावून फुंकलं. चौकीच्या काचा थरथरल्या.

रस्त्यापलीकडच्या खानावळीत रेडिओ लागला.

५

बाईंनी तिघांना खानावळीत बसवलं. त्याआधी चौकीच्या फोनवरून त्यांनी शहरातल्या इन्स्पेक्टरला चार वाक्यांत सगळं सांगितलं होतं, आणि जीप निघाली होती. हे त्यांनी तिघांनाही सांगून टाकलं. खिंडीकडची खिडकी त्यांनी स्वतः उघडली. समोर उतार दिसत होता, स्वच्छ उन्हात, तो खडकसुद्धा.

"धुक्यात एवढ्या मोठ्या डोंगरावर माणूस सापडतो तो आवाजावरून," बाईंनी सुरुवात केली. "म्हणजे जो वर गेला त्याने शिट्टी ऐकली होती, आणि ती ओझेवाल्यांची नाही हे ओळखलं होतं. त्याला पाय बांधता येत होता. इथे तसे तिघे आहेत, मीच शिकवलेले. पण जाताना त्याने शिट्टी नेली. आणि ती गळ्यात नव्हती, बकलात होती. मला माहीत नव्हतं. हवालदार, तू खिसे चाचपलेस, बॅग हातात घेऊनही तुला कळलं नाही. काकू, तुला तर प्रश्नच नाही. बकलात शिट्टी असते हे या गावात एकाच माणसाला माहीत असणार. जो रोज लोकांच्या बॅगा पाठीवर वाहतो."

वाटाड्या हसायला गेला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"आजारी माणूस सुरी घेऊन अर्धा तास चढ चढला," बाई म्हणाल्या. "कुठाय ती शिट्टी?"

काकूने पदर तोंडाला लावला होता, हवालदार आपल्या बुटांकडे बघत होता.

"ओढ्यात टाकली," वाटाड्या म्हणाला. "बाई, मी त्यांच्या भल्यासाठी घेतली. आई शपथ. सात वाजता ओझेवाले उतरणार होते. त्यांनी ती शिट्टी ऐकली असती तर पोलिसांचा सापळा समजून त्यांनी त्या माणसाला कड्यावरून लोटलं असतं. मी पाय बांधला. नीट बांधला, तुम्ही बघितलाच असेल."

"बघितला. बिनचूक आहे."

शाबासकी मिळाल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मग?"

"मग खाली आलो. स्ट्रेचरला चार माणसं लागतात. मी इथलं दार वाजवलं. म्हटलं, वर माणूस आहे, पाय मोडलाय." त्याने दोघांकडे पाहिलं. "काकू म्हणाली, ओझी उतरून जाऊ देत, मग बघू. साहेब म्हणाले, मी काही ऐकलेलं नाही, आणि तूही ऐकलेलं नाहीस. म्हणजे... साहेबच म्हणाले."

"ए, तोंड सांभाळ!" हवालदार ओरडला.

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. "ओझेवाले किती वाजता उतरले?"

वाटाड्या खिडकीबाहेर बघू लागला.

"किती वाजता?"

"आलेच नाहीत," काकू पदराआडून म्हणाली. "धुकं होतं ना. त्या रात्री आलेच नाहीत ते."

न आलेल्या चोरांची वाट बघत तिघं जण रात्रभर खिडक्या लावून बसले होते. अर्ध्या तासाच्या अंतरावर, नीट बांधलेल्या पायाचा माणूस यांची वाट बघत होता. तस्करांनी काही केलं नव्हतं. ते तर बिचारे घरी झोपले होते. पत्रकात बाईंनी लोकांना ओझेवाल्यांपासून जपायला सांगितलं होतं. या तिघांपासून जपायला कोणत्या नियमात लिहायचं?

"शी!" त्या म्हणाल्या. "मी बावीस वर्षांत कुजलेली प्रेतं खांद्यावरून आणलीत. कधी नाकाला रुमाल लावला नाही. आज लावावासा वाटतोय."

मेलेल्याची बायको इतका वेळ खिडकीशी उभी होती. ती वाटाड्यासमोर आली.

"निघताना त्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"ताई..."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, आवाज करू नका. टॉर्च लावू नका. मी बचाव पथकाचा आहे. तासाभरात माणसं घेऊन येतो."

"मग ते?"

वाटाड्याने टोपी काढली आणि हातात चुरगळली. "थँक्यू म्हणाले. आणि म्हणाले, माझा मेहुणा वाटेत कुठे भेटला तर त्याला आधी बघा, त्याच्या अंगावर जाकीट नाही."

ती खाली बसली, जमिनीवरच, आणि पहिल्यांदा रडली. काकू पाणी घेऊन पुढे झाली. बाईंनी काठी आडवी धरली. "तू नको," त्या म्हणाल्या, आणि स्वतः पाणी आणायला नळाकडे गेल्या. येताना त्यांनी भिंतीवरचं पत्रक उतरवलं, फ्रेम उघडली आणि कागद फाडून चुलीत टाकला. काकू "अहो, काच..." म्हणाली.

६

जीप तीन वाजता आली. तिघांना मागच्या सीटवर एकमेकांना खेटून बसावं लागलं, आणि त्यातही कुणी खिडकीकडे बसायचं यावरून हवालदार आणि वाटाड्याची कुरबुर झाली. बाईंनी पाठ फिरवली.

इन्स्पेक्टरने कोठडीची किल्ली मेलेल्याच्या बायकोच्या हातात दिली. "कागद मी करतो," तो म्हणाला. "तुम्ही सोडवा त्यांना."

ती किल्ली घेऊन दाराशी थांबली. "बाई, तुम्ही चला ना बरोबर."

"मी कशाला? माझं काम झालं." पण त्या गेल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

भाऊ उठून उभा राहिला. अटकेनंतर बहीण पहिल्यांदाच समोर आली होती. कुलूप जरा अडलं, तिने दोनदा किल्ली फिरवली, दार उघडलं. पण तो बाहेर आला नाही.

"ताई, दाजी वाजवत होते ना? मला खरंच ऐकू येत होतं."

"वाजवत होते. साडेसहापर्यंत."

"आणि गावाने ऐकलं?"

"सगळ्यांनी ऐकलं."

त्याने डोळे पुसले. मग विचारलं, "तुलाही वाटलं होतं ना, मी त्यांना टाकून आलो?"

नाही म्हणणं सोपं होतं. दारात उभ्या असलेल्या बाईंनासुद्धा क्षणभर वाटलं, म्हण बाई नाही, काय बिघडतंय. पण आज खोटं टाळणाऱ्यांना त्यांनी इतकं जवळून पाहिलं होतं की खरं ऐकायला त्याही थांबल्या.

"हो," बहीण म्हणाली. "वाटलं होतं."

"कालपासून?"

"आज सकाळपर्यंत."

भावाने मान खाली घातली. तो परत बाकावर बसला, भिंतीपर्यंत सरकला, आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाला, "बस."